विन्थ्रॉप रॉकफेलर, आर्कन्सॉचा गव्हर्नर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आर्कन्सॉ राज्यात राहतो आणि भारतातून कोणीही पाहुणे आले की त्यांना एकदा तरी पेटी जीन डोंगरावर घेऊन जातो. तिथे रॉकफेलर हे नाव दिसलं की परतीच्या वाटेवर गाडीत तेच तेच प्रश्न सुरू होतात, मावशी एक विचारते, मेहुणा दुसरंच विचारतो, आणि व्हॉट्सअॅपवर पुन्हा पुन्हा टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं म्हणून हे. हा माणूस मला मनापासून आवडतो हे आधीच सांगतो, पण जिथे चुकला तिथे चुकला असंच लिहिलंय.

हा त्या तेलवाल्या रॉकफेलरचा कोण?

सख्खा नातू. स्टँडर्ड ऑईल काढणारे जॉन डी. रॉकफेलर हे आजोबा, त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन ज्युनिअर हे वडील, आणि या ज्युनिअरला सहा मुलं. थोरली मुलगी अॅबी, मग पाच भाऊ: जॉन तिसरा, नेल्सन, लॉरन्स, विन्थ्रॉप आणि शेंडेफळ डेव्हिड. विन्थ्रॉपचा जन्म १ मे १९१२, न्यूयॉर्क. नेल्सन न्यूयॉर्कचा गव्हर्नर आणि पुढे अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला, डेव्हिड चेस बँकेचा प्रमुख झाला, त्यामुळे या दोघांची नावं आपल्याकडेही ऐकलेली असतात. विन्थ्रॉपचं फारसं कोणाला माहीत नसतं.

गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपालच ना?

नाही हो, आणि हा घोळ आधी मिटवला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. आपल्याकडे राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात आणि राज्याचा कारभार मुख्यमंत्री बघतात. अमेरिकेत गव्हर्नर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि तोच कारभार बघतो, म्हणजे कामाच्या हिशोबाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा, फक्त विधिमंडळात बहुमत असलंच पाहिजे असं काही नसतं. विन्थ्रॉपच्या बाबतीत तर विधिमंडळ जवळजवळ सगळंच विरोधी पक्षाचं होतं, त्याबद्दल पुढे येतंच. आणखी एक, त्या काळी आर्कन्सॉत गव्हर्नरची टर्म फक्त २ वर्षांची असायची, म्हणजे शपथ घेऊन बस्तान बसतंय तोवर पुढच्या निवडणुकीचे पडघम सुरू.

आपला "रॉकेल" शब्द रॉकफेलरवरून आलाय का?

हा प्रश्न आमच्या प्रत्येक काकांनी विचारलाय. रॉकेल हे "रॉक ऑईल"वरून आलं असं सांगतात, आडनावाशी त्याचा संबंध नाही. पण या घराण्याच्या कंपनीचं केरोसीन डब्यांमधून भारतात यायचं हे खरं आहे. मुंबईचा धागा तर अजून जवळचा आहे, माहुलला आज एचपीसीएलची जी रिफायनरी आहे ती १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकने सुरू केली, आणि स्टॅनव्हॅक म्हणजे स्टँडर्ड ऑईल फोडल्यावर निघालेल्या दोन कंपन्यांची भागीदारी. त्यातली एक सोकोनी-व्हॅक्यूम, जिथे तरुणपणी विन्थ्रॉपने नोकरी केली होती.

एवढ्या श्रीमंत घरात लहानपण म्हणजे मजाच असेल?

पैसा होता, लाड नव्हते. वडील अतिशय शिस्तीचे आणि धार्मिक, मुलांना खाऊचे पैसे मोजून काही सेंट मिळायचे आणि त्या प्रत्येक सेंटचा हिशोब वहीत लिहून दाखवावा लागायचा, हिशोब चुकला तर दंड. भावंडांमध्ये विन्थ्रॉप अभ्यासात मागे, अंगाने थोराड, मोठ्या भावांच्या चेष्टेचा विषय. येल युनिव्हर्सिटीत १९३१ ला गेला आणि १९३४ ला डिग्री न घेताच बाहेर पडला. त्या घरात हे म्हणजे केवढं मोठं अपयश असेल बघा.

मग तो टेक्सासला तेलाच्या विहिरींवर साधा कामगार म्हणून गेला. पाईप उचलायचे, चिखलात उभं राहायचं, इतर कामगारांबरोबर जेवायचं. त्याला ते आवडलं. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं बीज इथेच आहे, कारण आडनाव बाजूला ठेवून नुसत्या कामावर लोक आपल्याला आपलं म्हणतात हे त्याने इथे पहिल्यांदा अनुभवलं.

दुसऱ्या महायुद्धात होता असं ऐकलं, की नुसतं नावापुरतं?

नावापुरतं अजिबात नाही. पर्ल हार्बरच्या आधीच, जानेवारी १९४१ मध्ये, तो साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि चढत चढत लेफ्टनंट कर्नल झाला. ७७ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनबरोबर तो पॅसिफिकमधल्या ग्वाम, लेते आणि ओकिनावा या बेटांवर लढला. एप्रिल १९४५ मध्ये ओकिनावाजवळ तो ज्या हेन्रिको जहाजावर होता त्यावर जपानी आत्मघाती विमान येऊन आदळलं, जहाजावरचे वरिष्ठ अधिकारी मारले गेले, हा स्वतः भाजला. ब्रॉन्झ स्टार आणि पर्पल हार्ट ही दोन्ही लष्करी पदकं मिळाली.

मग न्यूयॉर्क सोडून आर्कन्सॉच का? तिथे काय होतं?

खरं सांगायचं तर काहीच नव्हतं, आणि तेच कारण असावं. युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये त्याचं नाव पेपरात यायचं ते पार्ट्यांसाठी. १९४८ मध्ये बार्बरा सिअर्सशी लग्न झालं, त्याच वर्षी मुलगा झाला, दोन वर्षांत दोघं वेगळे झाले आणि १९५४ चा घटस्फोट तर देशभर गाजला, पोटगीचे आकडे हेडलाईनमध्ये. अशा वेळी लष्करातला एक जुना मित्र आर्कन्सॉचा होता, त्याच्या ओळखीने १९५३ मध्ये हा इथे आला आणि पेटी जीन डोंगरावर जमीन घेतली.

तेव्हाचं आर्कन्सॉ म्हणजे देशातल्या सगळ्यात गरीब राज्यांपैकी एक. कापसाची शेती, मशीन आल्यामुळे मजुरांना काम नाही, तरुण पोरं शिकागो नाहीतर कॅलिफोर्नियाला चाललेली. लोकांना वाटलं हा श्रीमंत माणूस घटस्फोट होईपर्यंत थांबेल आणि जाईल. तो कायमचा राहिला.

डोंगरावर केलं काय एवढं?

विनरॉक नावाचं फार्म उभं केलं. तुम्ही कधी गेलात तर कड्यावर उभे राहून खाली बघा, आर्कन्सॉ नदी कितीतरी खाली सपाट खोऱ्यात वळणं घेत जाते, आणि डोंगरमाथा सगळा खडक. या माणसाने त्या नदीचं पाणी पंपाने सुमारे ८५० फूट वर चढवलं आणि माथ्यावर कुरणं केली. माझे सासरे शेतकरी आहेत, लिफ्ट इरिगेशन काय असतं ते त्यांना चांगलं माहीत, ते कड्यावर उभे राहून बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग फक्त विचारलं की "वीजबिल किती येत असेल रे?"

गुरं पाळली सांता गर्ट्रुडिस जातीची, गडद लाल रंगाची, धिप्पाड. ही जात टेक्सासमध्ये शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मन यांच्या संकरातून तयार झाली, आणि अमेरिकेतली ब्राह्मन जात भारतीय गुरांपासून घडलेली आहे, गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपल्या सांगली भागातली कृष्णा खोरं जात यांची नावं त्यात घेतली जातात. म्हणजे आर्कन्सॉच्या डोंगरावर चरणाऱ्या त्या बैलांचे लांबचे का होईना पूर्वज आपल्याकडचे.

राजकारणात कसा आला?

गंमत म्हणजे, त्याला सार्वजनिक कामात आणलं ऑर्व्हल फॉबस या डेमोक्रॅटिक गव्हर्नरने, ज्याच्याशी त्याची पुढे लढत झाली. १९५५ मध्ये फॉबसने राज्यात कारखाने आणायच्या कमिशनचा त्याला अध्यक्ष केला. हिशोब सरळ होता, रॉकफेलरने फोन केला की कुठलाही कंपनीवाला फोन उचलणारच. सुमारे ९ वर्षं त्याने ते काम केलं आणि त्या काळात ६०० पेक्षा जास्त कारखाने आणि ९०,००० च्या आसपास नोकऱ्या राज्यात आल्या असं सांगितलं जातं.

पण मधेच १९५७ आलं. राज्याची राजधानी लिटल रॉक, तिथल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये ९ कृष्णवर्णीय मुलं पहिल्यांदा गोऱ्या मुलांच्या शाळेत जाणार होती आणि फॉबसने त्यांना अडवायला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं सैनिकी दल, उभं केलं. विन्थ्रॉपने त्याला आधीच भेटून असं करू नकोस म्हणून परोपरीने सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना सैन्य पाठवावं लागलं, सगळ्या जगात आर्कन्सॉची नाचक्की झाली आणि पुढची काही वर्षं लिटल रॉकमध्ये यायला मोठे कारखानदार तयारच होईनात. इतकं होऊन हा त्या कमिशनवर १९६४ पर्यंत राहिला. काही जण म्हणतात तेव्हाच राजीनामा द्यायला हवा होता. मला दोन्ही बाजू पटतात, पण पोरांना गावात काम मिळत होतं हे मी जास्त मोलाचं धरतो.

निवडणूक पैशावर जिंकली असं म्हणतात, खरं काय?

पैसा ओतला यात शंकाच नाही, स्वतःचा, आणि भरपूर. पण नुसत्या पैशावर जिंकायचं असतं तर १९६४ लाच जिंकला असता, तेव्हा फॉबसने त्याला हरवलं, याला ४३ टक्के मतं. हा रिपब्लिकन पक्षाचा, आणि आर्कन्सॉत रिपब्लिकन म्हणजे तेव्हा जवळजवळ नसलेला पक्ष. १८७२ नंतर एकही रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला नव्हता.

१९६६ मध्ये दोन गोष्टी जमून आल्या. एक, फॉबस उभा नव्हता आणि डेमोक्रॅट्सनी जिम जॉन्सन नावाचा उघड वंशभेदवादी उमेदवार दिला, जो प्रचारात कृष्णवर्णीयांशी हस्तांदोलनसुद्धा करायचा नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९६४ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन मतदानासाठी कर भरायची अट गेली, विन्थ्रॉपने त्या दुरुस्तीला जोर लावला होता, आणि त्यामुळे हजारो गरीब आणि कृष्णवर्णीय लोकांची मतदार यादीत नोंद होऊ शकली. त्यांनी मतं कोणाला दिली हे सांगायलाच नको. साधारण ५४ टक्के मतं घेऊन तो आला. १९६८ ला परत निवडून आला, आणि त्या दिवशीचा निकाल बघा, याच मतदारांनी राष्ट्राध्यक्षासाठी जॉर्ज वॉलेस या कट्टर वंशभेदवादी माणसाला निवडलं, सिनेटसाठी डेमोक्रॅट फुलब्राइटला आणि गव्हर्नर म्हणून रॉकफेलरला. एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर.

गव्हर्नर झाल्यावर काय काय केलं?

आधी अडचण समजून घ्या: १९६७ च्या विधिमंडळात १३५ पैकी १३२ जण डेमोक्रॅट. त्याने कर वाढवून शाळांना पैसे द्यायचा मोठा प्रस्ताव आणला तो त्यांनी पाडला. तरी माहितीच्या अधिकाराचा कायदा १९६७ मध्येच झाला, आपल्याकडे तो २००५ ला आला हे लक्षात घ्या. राज्याचा पहिला सर्वसाधारण किमान वेतन कायदा झाला. हॉट स्प्रिंग्ज शहरात बेकायदा जुगाराचे क्लब वर्षानुवर्षं राजरोस चालायचे ते पोलिसांना पाठवून बंद पाडले, जप्त केलेली स्लॉट मशिन्स फोडून जाळली. सरकारी बोर्डांवर आणि नोकऱ्यांत कृष्णवर्णीय लोकांना जागा दिल्या, हे तिथे याआधी जवळपास घडलंच नव्हतं.

तुरुंगाचं प्रकरण काय होतं?

हे वाचताना त्रास होतो, पण याच्याशिवाय विन्थ्रॉप कळत नाही.

आर्कन्सॉत दोन मोठे तुरुंग होते, कमिन्स आणि टकर, दोन्ही म्हणजे प्रचंड शेतं. सरकार त्यांना पैसे द्यायचं नाही, उलट शेतीतून कमाईची अपेक्षा. पगारी पहारेकरी अगदी थोडे, बाकी पहारा कैद्यांमधलेच काही कैदी हातात बंदूक घेऊन द्यायचे, आणि तेच जेवण, औषध, झोपायची जागा सगळं विकायचे. चामडी पट्ट्याने फटके ही नेहमीची शिक्षा. टकरमध्ये जुन्या हाताने फिरवायच्या टेलिफोनचं यंत्र काढून त्याच्या वायरी कैद्याच्या अंगाला लावायचे आणि हँडल फिरवून शॉक द्यायचे, त्याला "टकर टेलिफोन" म्हणायचे. याचा पोलिसांनी केलेला रिपोर्ट आधीच्या सरकारच्या काळात तयार होऊन पडला होता, विन्थ्रॉपने सत्तेवर आल्याआल्या जानेवारी १९६७ मध्ये तो लोकांसमोर आणला.

मग टॉम मर्टन या तुरुंगशास्त्राच्या प्राध्यापकाला आणलं, त्याने टकरमधली मारहाण बंद केली. पण जानेवारी १९६८ मध्ये मर्टनने पत्रकारांसमोर कमिन्सच्या शेतात खणून तीन सांगाडे बाहेर काढले, हे खून झालेले कैदी आहेत असं त्याचं म्हणणं, देशभर गदारोळ झाला आणि दोन महिन्यांत विन्थ्रॉपने त्याला काढून टाकलं. मर्टन कोणाचं ऐकायचा नाही, विधिमंडळाशी भांडायचा, हे सगळं मान्य केलं तरी त्या शेतात पुढे खणलंच गेलं नाही, आणि ही गोष्ट मला विन्थ्रॉपच्या नावावरचा सगळ्यात मोठा डाग वाटते. ज्यांनी आयुष्यभर कोणाकडे दाद मागितली नाही, मागता आली नाही, त्यांच्यासाठी त्या वेळी फक्त हाच एक माणूस काही करू शकत होता.

सुधारणा मात्र थांबवली नाही. १९६८ मध्येच तुरुंगांसाठी स्वतंत्र खातं झालं. १९७० मध्ये फेडरल कोर्टाने आर्कन्सॉची पूर्ण तुरुंग व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली, कुठल्याही राज्याच्या बाबतीत असं पहिल्यांदाच होत होतं.

मार्टिन लूथर किंग गेले तेव्हा त्याने काय केलं?

४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या मेम्फिसमध्ये झाली, आणि मेम्फिस म्हणजे नदी ओलांडली की आर्कन्सॉ. ठिकठिकाणी जाळपोळ सुरू. ७ एप्रिल, रविवार, लिटल रॉकला कॅपिटॉलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, पायऱ्यांवर श्रद्धांजली सभा. गव्हर्नर आणि त्याची बायको जेनेट दोघं आले, हजारोंच्या गर्दीत कृष्णवर्णीय नेत्यांचे हात हातात धरून उभे राहिले आणि सगळ्यांबरोबर नागरी हक्क चळवळीचं गाणं म्हटलं. दक्षिणेतल्या गव्हर्नरांपैकी असं उघडपणे करणारा तो एकटाच. सहा फुटांच्या वरचा हा आडदांड माणूस, भाषण करताना अडखळणारा, आणि तिथे भाषणाची गरजच नव्हती. फोटो बघा कधी मिळाला तर.

दारू फार प्यायचा असं म्हणतात?

प्यायचा, आणि ते लपून राहिलं नव्हतं. स्वभावाने लाजाळू, गर्दीत बोलायचं दडपण, त्यात दारू. तिसऱ्या वेळी उभा राहिला तेव्हा त्याचाही फटका बसला. १९५६ मध्ये जेनेटशी झालेलं दुसरं लग्नही १९७१ मध्ये संपलं. चांगलं काम केलेल्या माणसाच्या व्यसनावर पांघरूण घालावं असं मला वाटत नाही.

मग हरला कसा?

फक्त दोनच टर्म म्हणून सांगितलं होतं आणि तरी १९७० ला तिसऱ्यांदा उभा राहिला, हे लोकांना खटकलं. समोर डेल बंपर्स, गावाकडचा वकील, बोलायला गोड, नवा चेहरा, विचार तर बऱ्यापैकी विन्थ्रॉपसारखेच. याला ३२ टक्के मतं मिळाली. एका अर्थी त्यानेच डेमोक्रॅट्सना बदलायला लावलं, वंशद्वेष पेरून आता निवडणूक जिंकता येत नाही हे त्यांना कळलं, आणि त्याच बदललेल्या पक्षातून पुढे बिल क्लिंटन आला.

फाशीच्या १५ कैद्यांची गोष्ट खरी आहे?

खरी आहे. हरला नोव्हेंबरमध्ये, टर्म संपणार जानेवारीत, आणि मधल्या दिवसांत, २९ डिसेंबर १९७० ला, आर्कन्सॉत फाशीची शिक्षा झालेले जे १५ जण होते त्या सगळ्यांची शिक्षा त्याने कमी केली. एकालाही वगळलं नाही. आपल्याकडे राज्यपालांना कलम १६१ प्रमाणे असा अधिकार असतो पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो, तिथे निर्णय पूर्ण त्याचा एकट्याचा होता आणि शिव्याही एकट्याने खायच्या होत्या. देवाला मानणारा माणूस होता आणि माणसाने माणसाचा जीव घ्यावा हे त्याला पटत नव्हतं. इतर राज्यांच्या गव्हर्नरांनीही असंच करावं असं त्याने आवाहन केलं, पण तेव्हा त्याचं कोणी ऐकलं नाही.

नंतर काय झालं? आज घरातलं कोणी आहे का राजकारणात?

फार दिवस मिळाले नाहीत. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि २२ फेब्रुवारी १९७३ ला कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जला गेला, वय ६० वर्षं. मुलगा विन पॉल १९९६ पासून आर्कन्सॉचा लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर) होता, तोही २००६ मध्ये पदावर असतानाच आजारपणात गेला. पुतण्या जे रॉकफेलर वेस्ट व्हर्जिनियाचा गव्हर्नर आणि मग बरीच वर्षं सिनेटर होता.

पैसा मागे राहिला तो ट्रस्टमध्ये गेला. विन्थ्रॉप रॉकफेलर फाउंडेशन आर्कन्सॉत अजून काम करतंय, आणि विनरॉक इंटरनॅशनल ही शेती-विकासाची संस्था १९८५ मध्ये तयार झाली, तिने भारतातही काम केलंय.

बघायला जायचं तर कुठे जायचं?

लिटल रॉकहून पश्चिमेला निघालात की तासाभरात मॉरिल्टन येतं, तिथून नदी ओलांडून डोंगराचा रस्ता. वर त्याच्या फार्मच्या जागेवर विन्थ्रॉप रॉकफेलर इन्स्टिट्यूट आहे, युनिव्हर्सिटी ऑफ आर्कन्सॉ चालवते, त्याच्या आयुष्यावरचं छोटं प्रदर्शन आहे, लिटल रॉकला परत जाण्याआधी हे बघा. जवळच स्टेट पार्कमध्ये सीडर फॉल्स धबधबा आहे, पाऊस पडून गेल्यावर जा, उन्हाळ्यात पाणी कमी असतं. पाण्याच्या बाटल्या आणि खायचं बरोबर ठेवा, वर दुकानं कमी आहेत. आणि संध्याकाळी परतायच्या आधी पूर्वेच्या टोकाला कड्यावर दहा मिनिटं थांबा, सूर्य उतरताना खालची नदी आधी तांबूस होते आणि मग खोऱ्यातल्या शेतांमधले दिवे एकेक करून लागायला लागतात.